लांबच्या विमानात खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची? (मुंबई–लंडन, आई-बाबांचा पहिला प्रवास)

बालाघाटी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आमचे आई-बाबा ताईकडे लंडनला निघालेत. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. आधी संभाजीनगर–मुंबई, मग एक रात्र मावशीकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराचं लंडनचं विमान. सरळ जाणारं, साधारण दहा तासांचं. परत यायचं ऑगस्टच्या शेवटी, गौरी-गणपतीच्या आत. ते विमान लंडनहून रात्री सुटतं.

तिकिटं झाली, आता सीट निवडायच्यात आणि तिथं गाडी अडलीय. नकाशात एका टोकाला ए, दुसऱ्या टोकाला के. जादा पैसे दोन्हीकडं सारखेच. आईला खिडकीच पाहिजे. एसटीत काय, रेल्वेत काय, ती कायम खिडकीलाच बसत आलीय. "दहा तास काय बघशील?" असं विचारलं तर म्हणाली, "दिसंल ते बघीन. वरून कुणी दाखवलंय मला आजवर?" बाबांचे गुडघे दुखतात, साखरही आहे, त्यांना सारखं उठावं लागतं.

ऊन कुठल्या अंगाला येतं? वाटेत काय काय दिसतं? पंख कुठं आडवा येतो? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर सांगावं. आईचा हा प्रवास चांगला व्हावा असं मनापासून वाटतंय.

दुधनाकाठ (सेलू)

बाबांना आयल, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट द्या, दुसरा विचार करू नका. दहा तासांत साखरेच्या माणसाला चार-सहा वेळा उठावं लागतं आणि दर वेळी दोघांना उठवायचं म्हणजे जिवावर येतं. मग माणूस पाणीच कमी पितो, ते आणखी वाईट. डावी-उजवी जाणकार सांगतीलच.

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाटी, ए की के हे शेवटी ठरवा. आधी एवढंच बघा की विमानाचं तोंड कुठं आणि सूर्य कुठं.

मुंबईहून लंडन वायव्येला आहे. अंगणात वायव्येला तोंड करून उभे राहा. डावा हात नैऋत्येला जातो, उजवा ईशान्येला. जूनमध्ये दुपारी मुंबईत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळं पहिला तासभर दोन्ही बाजू सारख्याच. पुढं सूर्य पश्चिमेला कलतो, आणि विमानही पश्चिमेकडंच धावत असतं. त्यामुळं दोघांची सोबत सुटत नाही. सूर्य बहुतेक सगळी वाट डाव्या अंगाला, जरासा पुढं, असा राहतो. डावीकडं बसणाऱ्याच्या मांडीवर आणि तोंडावर तासन्‌तास ऊन. शेवटी तो झडप ओढून घेतो आणि पैसे भरून घेतलेली खिडकी बंद करून बसतो.

उजवीकडं सावली. आकाश गडद निळं, जमीन स्वच्छ, आणि झडप उघडी ठेवली तरी शेजाऱ्याची तक्रार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. उत्तर गोलार्धात सूर्य दिवसभर बहुतांशी दक्षिणेच्या अंगाला असतो, त्यामुळं डोंगरांच्या दक्षिण उतारावर ऊन पडतं. तुम्ही उत्तरेकडं बघता तेव्हा तुमच्यासमोर तेच उजळलेले उतार येतात. दक्षिणेकडं बघता तेव्हा डोंगराची सावलीतली बाजू दिसते, आणि वर डोळ्यांत ऊन. काचेचंही तसंच. आपल्याला हात लागतो तो आतला थर प्लास्टिकचा असतो आणि वर्षानुवर्षं पुसून पुसून त्यावर बारीक ओरखडे पडलेले असतात. सावलीच्या बाजूला ते नजरेलाही येत नाहीत. ऊन पडलं की सगळेच्या सगळे चमकायला लागतात आणि बाहेरचं चित्र पांढुरकं होतं.

परतीचं विमान दिवसाचं असतं तर तोंड आग्नेयेला, सूर्य उजवीकडं, म्हणून डावी खिडकी चांगली. थोडक्यात, दिवसाच्या प्रवासात जाताना उजवी, येताना डावी. दोन्ही वेळा बाजू तीच, उत्तरेची. मी घरच्यांना एवढंच सांगतो: उत्तरेची खिडकी धरा. तुमचं परतीचं रात्रीचं आहे, त्याचा हिशोब वेगळा, तो नंतर लिहितो.

अजून एक राहिलं. लंडनला हीथ्रोवर वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, त्यामुळं वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून, शहरावरून येतात. तेव्हा मध्य लंडन उजव्या हाताला राहतं. थेम्स नदीची वळणं, टॉवर ब्रिज, शार्डचा निमुळता मनोरा, पार्लमेंट, सगळं त्याच बाजूला. जूनमध्ये तिथं रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, तुमचं विमान संध्याकाळी उतरेल, म्हणजे लख्ख उजेड. ढग नसले तर आईंचे डोळे निवतील.

तेरणाकाठ (धाराशिव)

माहितीपूर्ण प्रतिसाद, गोदाकाठ. वाचनखूण साठवली.

पैठणी_पदर (छत्रपती संभाजीनगर)

मला मात्र डाव्या खिडकीबद्दल बोलायचंय. युरोपात दक्षिण जर्मनीवरून जाताना आल्प्स डावीकडं दिसतात. मी पाहिलेत. दुपार कलली होती, बर्फाच्या रांगांमागून रांगा, आणि मधल्या दऱ्यांत निळसर धुकं. समोरून ऊन होतं हे खरं, पण त्या उन्हामुळंच प्रत्येक रांग वेगळी उठून दिसत होती. शिवाय मावळतीचे रंग बघायचे तर डावी बाजूच. आल्प्स सोडून सावली धरा, हे मला पटत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

पैठणी_पदर, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि उत्तरेकडं तोंड असलेल्या उतारांवर बर्फही जास्त टिकतं, म्हणजे डावीकडून पांढरा डोंगर जास्त दिसणार. पण आल्प्स दिसणं हे विमान त्यांच्या किती जवळून जातं त्यावर आहे. मार्ग हंगेरी-ऑस्ट्रियावरून असेल तर छान दिसतात. पोलंड-उत्तर जर्मनीवरून गेला तर नुसती सपाट शेतं.

आणि मार्ग आता पूर्वीसारखे ठरलेले राहिलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपली विमानं आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊन मग उत्तरेला वळायला लागली. पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरचे रस्तेही बदलतात. परदेशी कंपनीचं विमान त्याच दिवशी वेगळ्या वाटेनं जाऊ शकतं. म्हणून "अमुक सरोवर डावीकडं, तमुक शिखर उजवीकडं" ही जुनी यादी पाठ करून उपयोग नाही. फ्लाइटरडार२४ वर आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते कसं गेलं त्याच्या रेषा दिसतात. निघण्याच्या आधल्या आठवड्यात त्या बघा. रेषा पूर्व तुर्कस्तानावरून जात असेल तर ५,१३७ मीटरचा अरारात कुठल्या बाजूला येतो ते लगेच कळेल. एकटा उभा, माथ्यावर बारमाही बर्फ, ओळखायला सोपा.

डोंगर कुठं येतील ते रोजच्या वाटेवर अवलंबून. सूर्याचं तसं नाही, तो आजच सांगता येतो. म्हणून मी सूर्यावरून सीट ठरवतो, आणि डोंगर वाटेत आला तर आनंदच.

औंढेकर (हिंगोली)

लई कामाचा धागा. मह्या मनात एक शंका. पोरगं जर्मनीत हाय, दिवाळीनंतर या म्हनलंय. ते ए अन् के म्हंजी कोन्या अंगाला? इमानात चढताना डावं कोन्तं अन् उजवं कोन्तं, आमाला कसं कळावं?

दुधनाकाठ (सेलू)

औंढेकर काका, पायलटच्या केबिनकडं तोंड करून बसल्यावर जो तुमचा डावा हात, तो ए. चढायचं दारही डाव्याच बाजूला असतं. दारातून आत गेलात आणि शेपटाकडं चालायला लागलात की तोंड उलटं असतं, तेव्हा ए तुमच्या उजव्या हाताला येतो. लोकांचा घोळ तिथं होतो. सीटच्या वर सामानाच्या कप्प्याखाली आकडा, अक्षर आणि खिडकीचं चित्र असतं, ते बघायचं.

मोठ्या विमानात दुसऱ्या टोकाची खिडकी बहुधा के. मुंबई-पुण्याच्या लहान विमानात तीच एफ. मधलं आय अक्षर गाळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं.

तेरणाकाठ (धाराशिव)

बाजू ठरली तरी रांग ठरवायची राहते, आणि माझ्या मते रांग चुकली तर बाजूला काही अर्थ उरत नाही.

आम्ही धाराशिव-लातूरकडचे लोक बऱ्याचदा मुंबईऐवजी हैदराबादहून जातो, शमशाबाद आम्हाला जवळ पडतं. तिथून एकदा आमच्या घरच्यांना पैसे भरून घेतलेल्या खिडकीच्या जागी चक्क भिंत मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. नकाशात ती विंडो सीटच होती. वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते तिथं काही विमानांत खिडकीच ठेवत नाहीत, बोईंग ७३७ मध्ये तर हे ठरलेलंच आहे. कंपनीच्या नकाशात हे कळत नाही. एरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक रांगेसमोर खिडकी नेमकी कुठं येते ते काढलेलं असतं. विमानाचा प्रकार आणि कंपनी बघून तिथं तपासा.

दुसरं, पंख. मधल्या रांगांत बसलं की खाली बघायला पंखच. इंजिनाच्या मागं दहा-बारा रांगांपर्यंत गरम हवेनं खालचं दृश्य थरथरताना दिसतं, फोटो काढणाऱ्यांना त्याचा त्रास. पंखाच्या पुढं मिळालं तर उत्तम, पण तिथं बहुतेक महागड्या जागा असतात. नाहीतर सरळ मागं, शेपटाकडं. मात्र हवेच्या धक्क्यांनी ज्यांना मळमळतं त्यांनी पंखावरच बसावं. विमानाचा तोल तिथं असतो, हेलकावे सगळ्यांत कमी. आईंना एसटीत घाटात त्रास होतो का, ते एकदा विचारून घ्या.

बालाघाटी (अंबाजोगाई)

सगळ्यांचे आभार. आईला घाटाचा त्रास नाही, त्यामुळं मागची रांग चालेल.

आता एक वेगळंच विचारायचंय. काल रात्री जेवताना हा धागा आईला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ते लंडनचं राहू दे. संभाजीनगरहून मुंबईला जाताना नाथसागर दिसतो का?" तिचं माहेर गंगापूर तालुक्यातलं, जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं. धरण झालं तेव्हा ती शाळकरी पोरगी होती. पुनर्वसनाचं नवं गाव आहे, मामा तिथंच राहतात, पण जुनं गाव, मळा, मारुतीचं देऊळ सगळं पाण्याखाली. काठावरून तिनं ते पाणी पुष्कळदा पाहिलंय. वरून पाहिलं तर आपलं गाव कुठं होतं ते कळेल, असं तिला वाटतंय.

त्या विमानात कुठली बाजू घेऊ?

पैठणी_पदर (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटी, डावी घ्या. इथं शंका नको.

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. मुंबई पश्चिमेला, जराशी दक्षिणेकडं. पैठण संभाजीनगर शहराच्या दक्षिणेला, आणि जलाशय पैठणपासून वायव्येला गंगापूर-नेवाशाच्या दिशेनं पसरत गेलाय. म्हणजे मुंबईकडं तोंड केलं की सगळं पाणी डाव्या हाताला. वारा पश्चिमेचा असला तर विमान थेट शहरावरून वर चढतं, पूर्वेचा असला तर उलटं उडून वळसा घेतं आणि मग वाटेला लागतं. दोन्ही वेळा नाथसागर डावीकडंच येणार. उजवीकडं देवगिरी किल्ला येतो, पण आईंना जे बघायचंय ते डावीकडं.

उड्डाणानंतर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नजर तिकडं ठेवायला सांगा. पट्टे बांधून ठेवण्याचा दिवा लागलेलाच असतो, सगळे मोबाइलमध्ये असतात आणि पाणी निघून जातं. जूनमध्ये पाऊस नुकताच सुरू झालेला असेल, तेव्हा ढग किती आहेत त्यावर आहे. सकाळचं विमान असेल तर आकाश मोकळं मिळायची आशा जास्त. आणि जूनच्या सुरुवातीला जलाशयातलं पाणी वर्षातलं सगळ्यांत कमी असतं. काठची उघडी पडलेली गाळाची जमीन पाण्यापेक्षा फिकट दिसते, त्यावरून नदीचं जुनं पात्र कळतं. गंगापूरकडचा भाग म्हणजे जलाशयाचं वरचं, अरुंद होत गेलेलं टोक.

आधी मामांकडून जुन्या गावाची खूण विचारून घ्या, नदीच्या कुठल्या वळणावर होतं ते. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून आईंना घरीच दाखवा. मग वरून ओळखायला सोपं जाईल.

गोदाकाठ (नांदेड)

पैठणी_पदर यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. इथं सूर्याचा विचारच करू नका. डावीच.

तुळजाई (लातूर)

मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून वडिलांबद्दल लिहिते.

लांब बसून राहिल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त प्रवासानं हा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक, तेव्हा घाबरायचं कारण नाही. हे विमानापुरतं नाही, बस-रेल्वेलाही लागू आहे. पण खिडकीत अडकून बसलेला माणूस कमी उठतो हे खरं. त्यामुळं काकूंनाही सांगा की संकोच करायचा नाही, दर दोन तासांनी शेजाऱ्याला उठवायचं. बसल्या जागी पोटऱ्या ताणायच्या, टाचा वर-खाली करायच्या. पायाला घट्ट मोजे घालायचे असतील तर काकांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा, साखरेच्या माणसाचा पायाचा रक्तपुरवठा तपासून मगच ते घालतात. औषधं, ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीत. गोळ्यांच्या वेळा साडेचार तासांच्या फरकानं कशा बदलायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

खिडकीशी पायाजवळ गारठा फार असतो. काकूंसाठी जाड मोजे आणि शाल हाताशी ठेवा.

सीटचं म्हणाल तर तीनच्या रांगेत काकूंना के, काकांना एच. मधली 'जे' सीट रिकामी राहिली तर देवाची कृपा. कुणी आलंच तर बसू दे. काकांनी काकूंशेजारी बसायला म्हणून आयल सोडू नये. एकत्र बसण्याच्या ओढीनं लोक गुडघे दुखणाऱ्या माणसाला मध्ये घालतात आणि दहा तास दोघांचेही हाल होतात. पुढं कधी एअरबस ए३३० विमान मिळालं तर त्यात खिडकीशी दोनच सीट असतात, जोडप्याला तेच सगळ्यांत सोयीचं.

बालाघाटी (अंबाजोगाई)

तुळजाई ताई, हे सगळं प्रिंट काढून पिशवीत ठेवतो.

खुलताबादी (खुलताबाद)

अम्मी-अब्बा रमजानमध्ये उमऱ्याला निघालेत, मुंबई–जेद्दा. त्यांनाही उजवीच घ्यावी का? विमान दुपारनंतरचं आहे, दोघांचा रोजा असेल. विमानात इफ्तार सूर्य डोळ्यांनी मावळलेला बघूनच करायचा असतो, म्हणून त्यांना सूर्य दिसला पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)

खुलताबादी भाई, मग त्यांच्यासाठी डावी. जेद्दाही पश्चिमेला, सूर्य तसाच डावीकडं पुढं राहील आणि मावळतीला तिथंच दिसेल. अब्बांना आयल द्या, कारण मीकातची (जिथून पुढं एहराम लागतो त्या हद्दीची) घोषणा झाली की एहरामच्या, म्हणजे यात्रेच्या पोशाखाच्या, तयारीसाठी बऱ्याच जणांना एकदम उठायचं असतं.

पण त्यांना आधीच सांगून ठेवा की वाट बघावी लागेल. एक तर विमान सूर्याच्या मागं धावतंय. दुसरं, अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास लांब जातं, त्यामुळं खाली जमिनीवर दिवस मावळून गेला तरी वर सूर्य दिसत राहतो. घड्याळात मुंबईची मगरिब (सूर्यास्ताची नमाज) होऊन बराच वेळ झालेला असेल आणि खिडकीत अजून ऊन असेल. पाण्याची, खजुराची सोय हाताशी असू द्या.

ह्याच कारणानं आणखी उत्तरेला आश्चर्य घडतं. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटर वेगानं फिरते, पण साठ अक्षांशावर तोच वेग निम्मा, ८३५. विमानाचा वेग नऊशेच्या घरात. तिथं पश्चिमेकडं उडणाऱ्या विमानातून सूर्य मावळतच नाही, एका जागी टेकून बसल्यासारखा दिसतो. हिवाळ्यात युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्यांनी डाव्या खिडकीतून तासभर लांबलेली संध्याकाळ जरूर बघावी.

खुलताबादी (खुलताबाद)

शुक्रिया. डावी घेतो, अब्बांना आयल.

परभणीकर_न्यूजर्सी

उशिरा आलो. उत्तरेच्या खिडकीला माझंही मत, आणि त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, उत्तर ध्रुवीय प्रकाश. अमेरिकेतून युरोपकडं येणारी विमानं बहुतेक रात्री उडतात. तोंड पूर्वेला, म्हणजे उत्तर डावीकडं. हिवाळ्यातल्या रात्री डावी खिडकी घ्या, डोक्यावरून ब्लँकेट ओढून काचेला कपाळ लावा म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं, आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. सुरुवातीला राखाडी ढगच वाटतो. मग त्याची कड हलते आणि हिरवट झाक कळायला लागते. सूर्य २०२४ पासून त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातल्या तीव्र टप्प्यात आहे, त्यामुळं ह्या काही वर्षांत संधी चांगली. उलट, युरोपातून अमेरिकेला दिवसा जाताना उजवीकडं बऱ्याचदा ग्रीनलंडच्या हिमनद्या दिसतात. बऱ्याचदाच म्हणतो, कारण अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याप्रमाणे रोज नव्यानं आखतात. पूर्वेकडं येणारी विमानं जेट प्रवाहाचा, म्हणजे उंचावरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, फायदा घेतात, पश्चिमेकडं जाणारी तो चुकवतात.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत प्रिय. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. खालच्या ढगात आपली सावली आणि तिच्याभोवती गोल रंगीत कडं. विमानातून तेच दिसतं, आणि त्यासाठी कड्यावर जाऊन नशिबाची वाट बघावी लागत नाही. सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला बसायचं आणि खाली ढग असले की विमानाची सावली शोधायची. ढग जवळ असले तर सावलीत पंखसुद्धा ओळखू येतात, आणि भोवती कडं, बाहेरून तांबूस, आत निळसर, कधी एकात एक अशी दोन-तीन. विमानाबरोबर ते पळत राहतं. ढग संपला की क्षणात जातं, पुढचा आला की परत. सावलीच्या बाजूला बसलेल्यालाच हे मिळतं.

बालाघाटी, तुमच्या आईंना उजवीकडून युरोपावर पोहोचल्यावर हे दिसायची चांगली शक्यता आहे, कारण तोवर सूर्य खाली आलेला असेल आणि तिकडं ढगही असतात. त्यांना "खाली विमानाची सावली बघ" एवढंच सांगून ठेवा.

काचेच्या तळाशी एक बारीक भोकही दाखवा. मधल्या थरात असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ठेवलेलं. उंचीवर गेल्यावर त्याच्याभोवती बर्फाचे स्फटिक जमतात, ठिपक्याभोवती रांगोळी भरावी तसे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काच तडकली, आणि माणूस घाबरतो.

पैठणी_पदर (छत्रपती संभाजीनगर)

इंद्रवज्राचं वाचून मन भरून आलं. पुढच्या वेळी मीसुद्धा उजवी घेईन. आल्प्स दोनदा बघून झालेत.

दुधनाकाठ (सेलू)

विमान ड्रीमलायनर (बोईंग ७८७) असेल तर एक अडचण माहीत असू द्या. त्याच्या खिडक्या मोठ्या आणि उंच आहेत, पण त्यांना झडप नसते. खाली एक बटण असतं, ते दाबलं की काच हळूहळू निळी-काळी होते. जेवणं झाली की कर्मचारी सगळ्या काचा एकदम गडद करतात, दिवसाढवळ्याही, लोकांना झोपता यावं म्हणून. मग आपलं बटण चालत नाही. गडद काचेतून सूर्य चंद्रासारखा फिका दिसतो आणि जमीन तर कळतच नाही.

अशा वेळी हवाई सेविकेला जाऊन सांगायचं की आई पहिल्यांदा बसलीय, तिला बाहेर बघायचंय. त्यांना एकेक खिडकी मोकळी करता येते. उजवीकडं ऊन आत येत नसल्यामुळं त्या सहसा नाही म्हणत नाहीत. आईंना इंग्रजी-हिंदीत बोलायचा संकोच वाटत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून द्या.

बालाघाटी (अंबाजोगाई)

चिठ्ठीची कल्पना फार आवडली. आमचं ड्रीमलायनरच आहे.

आजच सीट घेतल्या. संभाजीनगर–मुंबई आईला ए. मामांना फोन लावला होता. त्यांनी सांगितलं की जुनं गाव नदीच्या मोठ्या वळणाच्या आतल्या अंगाला होतं, वर टेकडीवर आजही एक देऊळ आहे, त्याची सरळ रेघ धरायची. आईनं ते वहीत लिहून घेतलंय. मुंबई–लंडन आईला के, बाबांना एच, शेपटाकडून सहावी रांग, एरोलोपावर तपासली, खिडकी बरोबर खांद्याशी येतेय.

गोदाकाठ, परतीचं तेवढं सांगा. ऑगस्टअखेर, लंडनहून रात्री साडेनऊच्या सुमाराला.

गोदाकाठ (नांदेड)

सांगतो. पूर्वेकडं येताना रात्र आखूड होते. तोंड आग्नेयेला, ऑगस्टअखेर सूर्य जवळजवळ पूर्वेला उगवतो, म्हणजे तो डावीकडं, पुढच्या अंगाला वर येईल. निम्म्याहून थोडी जास्त वाट सरली की उजाडायला लागेल. क्षितिजावर आधी तांबडी रेघ, मग तिच्यावर पिवळी, वर गर्द निळा. त्या उंचीवर धूळ नसल्यामुळं हे रंग फार स्वच्छ दिसतात. हे बघायचं असेल तर डावी.

पण ध्यानात घ्या, उगवल्यावर मुंबईपर्यंत ऊन त्याच बाजूला राहील, आणि त्यांच्या शरीराच्या हिशोबानं तेव्हा लंडनची मध्यरात्र उलटलेली असेल. झोप हवी असेल तर उजवी. सकाळी अरबी समुद्रावर पावसाळी ढगांचा गालिचा असतो आणि सूर्य डावीकडं, म्हणजे परभणीकरांचं इंद्रवज्र तेव्हा उजवीकडं दिसणार. इथं उत्तर-दक्षिण सोडून द्या आणि त्यांनाच विचारा, उगवता सूर्य की झोप.

मार्ग आखाती देशांवरून असेल तर अंधारात खाली तेलविहिरींवरच्या ज्वाळा दिसतात, काळ्या जमिनीवर सुटे सुटे नारिंगी ठिपके. त्या दोन्ही बाजूंना असतात.

बालाघाटी (अंबाजोगाई)

विचारलं. बाबा म्हणाले झोप. आई म्हणाली उगवता सूर्य. डावी घेतली, आईला ए, बाबांना सी. बाबांना डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी घेऊन देतोय.

तुळजाई (लातूर)

उत्तम. आणि बाबांच्या गोळ्यांचा कागद दोन प्रतींत काढा, एक आईंच्या पर्समध्ये.